गुरुजी, सेवक, सेविका

कसारा लोकलनं आटगावला उतरा आणि आसपासच्या एखाद्या पाड्यावर जा. शिकवणाऱ्याला लोक 'गुरुजी' म्हणतील, शिकवणारीला 'बाई', अंगणवाडीतलीला 'ताई'. नोकरी कायम आहे की नाही, हे त्या हाकेवरून कळत नाही.

आता सरकारी कागद बघा. 2000 साली राज्यात 'शिक्षणसेवक' आला. वर्ग तोच, काम तेच. पण तीन वर्षं पगाराऐवजी मानधन, प्राथमिकला तेव्हा महिना 3000 रुपये. अंगणवाडीतली ताई तर कायमचीच मानधनावरची 'सेविका'. अंगणवाडीची कल्पना रुजली ती जुन्या ठाणे जिल्ह्यातच. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ पाड्याच्या अंगणात शाळा भरवायच्या, मुलांना शिकवण्यासाठी. 1975 च्या केंद्राच्या योजनेत अंगणवाडी आली, पण तिथं शिकवणारी काही शिक्षिका झाली नाही.

आमचं भांडण 'सेवा' या शब्दाशी नाही. सेवा म्हटलं की पगार मागायची लाज वाटायला लावतात, त्याच्याशी आहे. सेविकांना ग्रॅच्युइटी मिळावी म्हणून 2022 साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की त्यांचं मानधन हे वेतनच आहे.

'गुरुजी' म्हटल्यानं घर चालत नाही, हेही खरं. पण पाड्यानं निदान काम बघून नाव दिलं. कागदानं खर्च बघून दिलं. शिकवतो तो शिक्षक आणि त्याला मिळतो तो पगार, एवढं साधं मराठी शासन निर्णयात यायला काय हरकत आहे?