चिमाजी अप्पांची रणविमुखता : एका समजुतीची छाननी

वसईच्या मोहिमेविषयी ठाणे-कल्याण प्रांती जी कथने, कीर्तने व व्याख्याने कानी पडतात, त्यांत चिमाजी अप्पांचे एक ठराविक चित्र असते. देहाने क्षीण, वृत्तीने सात्त्विक, रणाविषयी मनातून उदास; केवळ वडील बंधूंची आज्ञा व धर्माचे संकट म्हणून हाती शस्त्र धरलेला पुरुष, असे ते चित्र होय. चित्र मनोहर आहे, म्हणूनच ते तपासून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम उदासीनतेचा विचार करू. अप्पांची प्रकृती नाजूक होती हे निर्विवाद आहे. थोरले बाजीराव एप्रिल १७४० मध्ये वारले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अप्पाही निवर्तले. परंतु प्रकृतीची दुर्बलता म्हणजे रणाची नावड नव्हे. १७२८ साली आमझेऱ्यास गिरिधर बहादुराचा मोड करणारे, आणि १७३६ साली रेवसच्या बाजूस सिद्दी साताला रणात पाडणारे अप्पाच. वसईपूर्वी दोन मोठे संग्राम जिंकलेल्या सेनानीस अनिच्छेचा योद्धा ठरविणे म्हणजे त्याचे अर्धे चरित्र पुसून टाकणे होय.

या चित्राचा आधार दोन आख्यायिका आहेत. पहिली मस्तकाची. वसई हाती येईना तेव्हा, ‘माझे मस्तक तरी तोफेने किल्ल्यात टाका’ असे अप्पा उद्गारले, असे सांगतात. कोणी म्हणतात मस्तक तोडून टाकावे, कोणी म्हणतात सबंध देहच तोफेच्या तोंडी बांधावा. एका उद्गाराचे असे पाठभेद होऊ लागले म्हणजे तो लेखणीपेक्षा जिभेवर अधिक वाढला, असे समजावे. वसई घेतल्यावर अप्पांनी ब्रह्मेंद्रस्वामींस धाडलेले पत्र प्रसिद्धच आहे. त्याचा भर सुरुंगांवर, शत्रूच्या चिवटपणावर, लोकांच्या शर्थीवर आणि स्वामींच्या आशीर्वादावर आहे. स्वतःची शेखी हा त्याचा विषय नव्हे. काही सुरुंग उशिरा उडून आपलीच माणसे दगावली, अशा युद्धाचे ते वर्णन आहे. आमच्या मते हे पत्र आख्यायिकेहून अधिक हृदयद्रावक आहे.

दुसरी आख्यायिका स्त्रीची. किल्लेदाराच्या घरची बंदिवान स्त्री अप्पांपुढे आणली व त्यांनी ती सन्मानाने परत पाठविली, असे म्हणतात. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट वाचकांस ठाऊक आहे. १६५७ साली कल्याण शिवछत्रपतींच्या हाती आले, त्या प्रसंगाशी ती जोडलेली आहे. दोहोंचा साचा एकच. सावरकरांनी ‘सहा सोनेरी पाने’ या ग्रंथात दोन्ही कथा एकत्र घेऊन त्या औदार्यास सद्गुणविकृती म्हटले. इतरांनी त्यांवरच स्तुतीचे मनोरे रचले. निंदक व स्तावक दोघेही कथा सिद्ध धरून चालले, हे ध्यानात घ्यावे. महाराजांच्या बाबतीत निदान खाफीखानासारख्या वैऱ्याची साक्ष आहे; स्त्रियांची अप्रतिष्ठा न करण्याचा त्यांचा नियम तो मान्य करतो. कल्याणची कथा वगळली तरी महाराजांची कीर्ती उणी होत नाही.

वसईच्या कथेत तर आणखी एक अडचण आहे. मे १७३९ मध्ये किल्ला कौल घेऊन खाली झाला. सेनापती सिल्वैर आधीच वेढ्यात पडला होता. त्याच्या जागी आलेल्या कायतान द सोझ परेर याने तह केला. शिबंदीने शस्त्रांनिशी, वाद्ये वाजवीत बाहेर पडावे. कुटुंबकबिल्यासह जाण्यास आठ दिवसांची मुदत असावी. मागे राहतील त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी, अशी कलमे होती. जेथे कुटुंबे कराराने निघून गेली, तेथे किल्लेदाराच्या घरची स्त्री लुटीत सापडली कशी? एरवी चकमकीत कोणी बंदी पडली असेल. परंतु ती कोण, हे मग नव्याने सिद्ध करावे लागेल.

आमच्या मते अप्पांची धर्मबुद्धी पाहावयाची ती याच कलमांत. साष्टीत देवळे पाडली गेली होती, इन्क्विझिशनची दहशत लोकांनी भोगली होती. अंजूरच्या नाईकांसारखी घराणी त्याच दुःखाने पेशव्यांकडे धावली. मार्च १७३७ मध्ये ठाण्याचा अपुरा किल्ला घेऊन सुरू झालेले युद्ध दोन वर्षे चालले. इतके रक्त सांडल्यावर पराजिताला त्याच्या धर्मासह राहू देणे ही खरी परीक्षा होती. शरण आलेल्यावर शस्त्र धरू नये, हा मनुस्मृतीचा दंडक आहे. गीतेतही अर्जुनाची विमुखता धर्म म्हणून गौरविलेली नाही. तिला कार्पण्य म्हटले आहे. धर्म आहे तो लढतानाच्या व जिंकल्यानंतरच्या वर्तनात.

ही परीक्षाही निष्कलंक उतरली, असे आम्ही म्हणत नाही. चर्चांच्या घंटा काढून नेल्या गेल्या. भीमाशंकरी व नाशिकच्या नारोशंकराच्या देवळी त्या आजही वाजतात. ब्रह्मेंद्रस्वामींचा आशीर्वादही निव्वळ पारमार्थिक नव्हता. सिद्दी साताने परशुरामाचे देवस्थान उद्ध्वस्त केल्याचे शल्य त्यांच्या मनी होते, आणि पेशव्यांकडे त्यांचे कर्जाचे येणेही होते. राजवाड्यांनी हे स्पष्ट दाखविले आहे. नवसाची फेड म्हणून वज्रेश्वरीचे देऊळ उभे राहिले, आणि वसईचा ख्रिस्ती समाजही आजवर नांदत आला. या दोन्ही गोष्टी एकाच विजयाच्या पदरी बांधल्या पाहिजेत.

संग्राहकांस एक विनंती. ठाणे, कल्याण, भिवंडी, वसई येथील जुन्या दप्तरांत या मोहिमेची बखर वा कैफियत हाती लागल्यास प्रथम एवढे पाहावे : मस्तकाची अथवा स्त्रीची कथा मूळ संहितेत आहे की समासात, हात तोच की निराळा, कागदावर जलचिन्ह आहे काय. नक्कल करताना समासातील मजकूर मुळात मिसळू नये. या कथा जुन्या ठरल्या तर आमचे म्हणणे आम्ही आनंदाने मागे घेऊ. तोवर अप्पांची थोरवी त्यांच्या पत्रावर व तहावर उभी राहू द्यावी. ती तेथे अधिक भक्कम आहे. इत्यलम्.