पंगत, खोली आणि घर : मुलींच्या वसतिगृहाचे साहित्यातील रूप

मराठी साहित्यात शिक्षणासाठी घर सोडलेल्या मुलग्याची एक ठरलेली प्रतिमा आहे. तो वार लावून जेवतो, माधुकरी मागतो, दुसऱ्याच्या ओसरीवर पथारी टाकतो आणि पुढे मोठा झाल्यावर त्या दिवसांचे वर्णन काहीशा अभिमानाने करतो. चरित्रे व आत्मचरित्रे यांतून ही प्रतिमा इतकी रुळली आहे, की तीत मुलीला जागाच नाही हे सहसा ध्यानात येत नाही. मुलगी परक्या दारात अन्नासाठी उभी राहू शकत नव्हती. विधवा तर नाहीच नाही. तिच्या शिक्षणासाठी आधी स्वयंपाकघर उभारावे लागले, मग वर्ग. मुलींच्या निवासी शाळांविषयीच्या लेखनात पंगत, पाणी, खोलीची वाटणी आणि कामाच्या पाळ्या यांचा उल्लेख पुनःपुन्हा का येतो, याचे उत्तर येथे सापडते. समीक्षेने मात्र या तपशिलांकडे सुधारणेच्या इतिहासातील किरकोळ नोंदी म्हणूनच पाहिले. संस्थापकाचे कार्य सिद्ध करण्यापुरता त्यांचा उपयोग झाला. तेथे राहणाऱ्या मुलीचे लेखन म्हणून त्यांचा विचार फारसा झाला नाही.

पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविले. त्याची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई. त्यांचे ‘माझे पुराण’ 1944 साली प्रसिद्ध झाले. आठवणी सांगितलेल्या आहेत, लिहिलेल्या नाहीत. त्यामुळे कोकणी वळणाची बोली त्यांत टिकून राहिली आहे. चांगल्या जाणत्या वयात अक्षरओळख करून घेणाऱ्या स्त्रीचे हे कथन आहे, आणि त्याचे मोल त्या वयातच आहे. लहान मुलगी वसतिगृहात येते तेव्हा नव्या जागेचे नियम तिला निसर्गाच्या नियमांसारखे वाटतात. प्रौढ विधवेला तसे वाटत नाही. सासरची आणि माहेरची शिस्त तिने पाहिलेली असते. तिसऱ्या शिस्तीकडे ती तुलनेने पाहते. सदनात खाण्यापिण्याचे जातिनियम पाळण्याची मुभा होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. पण मुलींनी आपापला आचार राखावा, असा त्यांचा बोलून दाखविलेला पवित्रा होता. पुण्यात वाद पेटला तो मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून, आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार सदनापासून दूर झाले. वृत्तपत्रांनी हा वाद धर्मांतराचा म्हणून लढविला. आनंदीबाईंच्या सांगण्यात तेच घर निराळे दिसते. तेथे धर्माच्या प्रश्नाआधी कोण कोणाशी कसे वागले हा प्रश्न येतो. रमाबाई त्यांना वादाचा विषय वाटत नाहीत. ज्यांच्या सहवासात आपण माणसासारख्या वावरलो अशी ती बाई आहे.

कर्व्यांनी 1896 मध्ये स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमाचे बिऱ्हाड 1900 मध्ये हिंगण्याच्या माळावर गेले. येथे वसतिगृहाने कुटुंबाची भाषा उघडपणे स्वीकारली. संस्थापक सर्वांचे ‘अण्णा’ झाले, आनंदीबाई ‘बाया’. वर्गणी गोळा करायची तर तिलाही भाऊबीजेचे नाव मिळाले. समाजातील अपरिचित पुरुषाने आश्रमातील बहिणीला ओवाळणी घालायची, अशी ती कल्पना. हा निव्वळ सोयीचा शब्दप्रयोग नव्हे. जिला कुटुंबाने एका कोपऱ्यात बसविले होते, तिला नाती परत मिळत होती. रक्ताची नव्हेत, तरी हाक मारण्याजोगी. परंतु या नव्या घरालाही उंबरठा होता. आश्रमातून पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही, असे कर्व्यांचे धोरण होते. तसे केले असते तर मुली पाठविणारे पालक बिचकले असते. परिणामी पुनर्विवाहित ‘बाया’ या संस्थाचालकाच्या पत्नी असूनही संस्थेत काहीशा अवघडच ठरल्या. ‘आत्मवृत्ता’त कर्वे हे सारे समंजस संयमाने मांडतात. ‘माझे पुराणा’त तोच संयम दुसऱ्या बाजूने भोगलेला दिसतो, आणि ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचल्याशिवाय दोहोंतील कोणतेही पुरते समजत नाही. आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (1928) आणखी वेगळी. आश्रमाच्या कामाला वाहून घेतलेल्या, मदत मिळविण्यासाठी अमेरिकेपर्यंत गेलेल्या या बाईंचा कल स्वतः पुनर्विवाहाकडे नव्हता. केशवपनाचा रिवाज टाकावा की टाकू नये, याविषयी त्यांच्या मनाची दीर्घकाळ चाललेली ओढाताण त्या कसलेही नाट्य न करता सांगतात. एकाच आवाराशी बांधलेल्या दोन सख्ख्या बहिणींची पुस्तके एकमेकींशी सहमत नाहीत. मराठी गद्याच्या इतिहासात याचे महत्त्व मानले गेले त्याहून जास्त आहे.

हिंगण्यातच शिकलेल्या मालती बेडेकरांनी विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ 1933 मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा गदारोळ झाला. त्या कथांत वसतिगृह फारसे येत नाही. वसतिगृहातून बाहेर पडल्यावर काय होते, ते येते. शिकलेली, मिळवती मुलगी पुन्हा वडिलांच्या संसारात परतते आणि तिच्या पगारावर तो संसार चालू लागतो. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे तेथील एका कथेचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. वीस वर्षांनी ‘खरेमास्तर’मध्ये लेखिका मुलींना शिकविण्याचा ध्यास घेतलेल्या पित्याकडे वळते. आश्रमाने दिलेली नाती आणि खऱ्या घराने मागितलेली किंमत यांमधील अंतर या दोन पुस्तकांत मोजता येते. केवळ बंडखोरीच्या मापाने ‘निःश्वासां’कडे पाहणाऱ्यांनी ते मोजलेले नाही.

कुटुंबाची ही भाषा मराठीपुरती नव्हती. अलीगढला शेख अब्दुल्ला व वहीद जहाँ बेगम यांनी 1906 मध्ये मुलींची शाळा काढली आणि 1914 मध्ये वसतिगृह सुरू केले. तेथील मुलींचे ते ‘पापा मियाँ’ आणि ‘आला बी’ झाले. त्याच शाळेत शिकलेल्या इस्मत चुगताईंनी मात्र ‘टेढी लकीर’ या कादंबरीत वसतिगृहाला घर मानण्यास नकार दिला. तिच्या शम्मनला तेथे बहिणी मिळत नाहीत. मिळते ती एकमेकींवरची उत्कट, कधी किळस आणणारी, कधी व्याकूळ करणारी आसक्ती. रसूल फातिमा शम्मनसाठी झुरते आणि शम्मन तिला झिडकारते. पुढे नजमासाठी शम्मन स्वतःच तशी झुरते. वरच्या वर्गातील मुलीवर जीव टाकण्याची रीत निवासी शाळांत सर्वत्र असते, पण आठवणी सांगणाऱ्या स्त्रिया तिच्यावर सहसा पांघरूण घालतात. इस्मतने ते ओढून काढले. तिचा उपरोध पुष्कळदा निर्दय होतो, हे खरे. तरी त्या निर्दयपणाखाली एकाकी मुलीविषयीची कणव आहे.

याच्या अगदी उलट टोकाला महादेवी वर्मांच्या बालपणीच्या आठवणी आहेत. अलाहाबादच्या क्रॉस्थवेट कॉलेजात त्या पाचवीच्या वर्गात दाखल झाल्या. चौघींची खोली, त्यांपैकी एक सातवीतील सुभद्राकुमारी चौहान. महादेवी लपवून कविता लिहीत. सुभद्रेने त्यांचे डेस्क धुंडाळून कागद काढला आणि एका हाताने धाकटीला ओढत साऱ्या वसतिगृहाला तो दाखविला. थोरलीने धाकटीला छळण्याचीच ही रीत, पण तिच्यातून हिंदी कवितेतील एक मैत्री जन्मली. इतर मुली खेळत असताना या दोघी झाडाच्या सखल फांदीवर बसून तुकबंदी करीत. हिंदू आणि ख्रिस्ती मुलींची खानावळ एकच होती आणि तेथे कांदासुद्धा शिजत नसे. शारदा सदनात जी पंगत वादाच्या भोवऱ्यात सापडली, ती येथे निर्वेध बसलेली दिसते. हे चित्र थोडे जास्तच निर्मळ वाटते; पुढच्या काळातील दुभंगाची वेदना मनात ठेवून लेखिका मागे पाहते आहे, हे उघड आहे. कांदा वगळून झालेली एकी नेमकी कोणाच्या आचाराला मानवणारी होती, हा प्रश्न तेथे विचारलेला नाही.

तरीही या आठवणींत एक जागा अशी आहे, जेथे मराठी वाचकाने थांबायला हवे. सुभद्रा गेल्यावर त्या खोलीत कोल्हापूरहून आलेली जेबुन्निसा राहू लागली. तिचा पेहराव मराठी बायकांसारखा, हिंदी बोलतानाही मध्ये ‘इकडे तिकडे’, ‘लवकर लवकर’. बोलीवरून उस्तानी तिला चिडवीत, तेव्हा मराठीचा अभिमान ती हसत सांभाळी. धर्माने मुसलमान आणि भाषेने मराठी अशा मुलीचे इतके सहज चित्र त्या काळच्या मराठी गद्यात शोधावे लागेल. ते हिंदीत सापडते. महादेवी आणखी एक गोष्ट नोंदवितात : जेबुन्निसा त्यांचे डेस्क पुसून ठेवी, पुस्तके लावून ठेवी आणि त्यामुळे कवितेसाठी त्यांना थोडा अधिक वेळ मिळे.