खाडाखोड आणि तडजोड

आपल्या पोरांमध्ये एक समज घट्ट बसलाय. दलित कवी कविता लिहीत नाही, ती त्याच्यातून उसळते. उसळली की कागदावर येते आणि कागदावर आली की झाली. परत तिला हात लावायचा म्हणजे तिचं रक्त पुसायचं. आराखडा, खर्डा, दुरुस्ती ही पोटभरल्यांची कामं. ज्याचं घर जळतंय तो शब्द निवडत बसत नाही.

ऐकायला झकास आहे. पण हा समज आपण घडवलेला नाही. प्रस्थापित समीक्षेनं तो आपल्या हातावर ठेवला, कौतुक म्हणून. 'अस्सल', 'रांगडं', 'धगधगीत', 'उत्स्फूर्त'. आपण खूश झालो, परिचयपत्रात छापून घेतलं. जरा थांबून बघा, यात शिवी दडलेली आहे. त्यांच्या कवीजवळ प्रतिभा असते, शैली असते, घाट असतो. आमच्याजवळ काय, तर जखम. जखम आपोआप वाहते, तिला डोकं लागत नाही. आधी म्हणायचे, यांना डोकं नाही, नुसते हात आहेत. आता म्हणतात, डोकं नाही, नुसती वेदना आहे. फरक काय पडला?

म्हणून खाडाखोडीचा प्रश्न मला नुसता कवितेचा वाटत नाही. आपल्याला विचार करता येतो की नाही, याचा तो प्रश्न आहे.

आपण ज्यांचं नाव घेतो त्यांच्या टेबलावर काय चालायचं ते बघू. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. इंग्रज सरकारच्या चलनाच्या धोरणावर त्यात सरळ हल्ला होता. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या मताला विरोध होता. परीक्षकांनी तो परत लिहायला सांगितला. १९२३ साल होतं, पैसे संपत आलेले. बाबासाहेब मुंबईला आले, इथं बसून प्रबंध परत लिहिला आणि पाठवून दिला. मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. प्रबंध मंजूर झाला आणि त्याच साली पुस्तकही निघालं.

आता १९३६. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं त्यांना परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण आधी छापून हवं होतं. मंडळींनी ते वाचलं आणि घाबरली. वेद-शास्त्रांवरचा भाग काढा, हिंदू म्हणून हे माझं शेवटचं भाषण, असं जे म्हटलंय ते काढा. येवल्याची घोषणा १९३५ ची, तिची धग ताजी होती. बाबासाहेबांनी कळवलं, एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. त्यांनी भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं, १५०० प्रती, आणि त्या दोन महिन्यांत संपल्या.

एकच माणूस. तेरा वर्षांपूर्वी अख्खा प्रबंध परत लिहितो आणि आता स्वल्पविराम हलवत नाही. आमच्या पोरांना १९३६ पाठ आहे, १९२३ ठाऊक नाही. ही दोन सालं शेजारी ठेवल्याशिवाय कळायचं नाही. १९२३ ला प्रश्न होता, हे कसं सांगायचं. १९३६ ला प्रश्न होता, हे सांगायचं की नाही. पहिल्याचं नाव खाडाखोड. दुसऱ्याचं नाव तडजोड. खाडाखोड स्वतःच्या मुद्द्यासाठी असते, तडजोड समोरच्याच्या सोयीसाठी. संपादक लाल पेन घेऊन बसला की एवढंच विचारायचं: यानं माझं वाक्य धारदार होतंय, की याची झोप मोडू नये म्हणून वाक्य बोथट होतंय?

आणि तो स्वल्पविराम अडवणारा माणूस भाषण छापून स्वस्थ बसला असंही नाही. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधींची टीका आणि तिला दिलेलं उत्तर जोडलं. १९४४ ला तिसरी आवृत्ती निघाली. तिच्या प्रस्तावनेत ते सांगतात, की १९१७ ला छापलेला जातींच्या उत्पत्तीवरचा निबंध यात मिसळून पुस्तक नव्यानं रचायचा विचार होता, पण वेळ मिळाला नाही. म्हणजे गाजलेलं, खपलेलं, वादळ उठवलेलं लिखाण आठ वर्षांनीही त्यांच्या लेखी परत मांडण्यासारखं होतं.

राज्यघटनेचं तर बोलायलाच नको. २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली. बी. एन. राव यांच्या मूळ खर्ड्यात २४३ कलमं होती. समितीच्या मसुद्यात ३१५ झाली, शेवटी ३९५. फेब्रुवारी १९४८ ला मसुदा लोकांपुढं ठेवला, मतं मागवली. दुरुस्त्या आल्या ७६३५. त्यातल्या २४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एकेकीला हो, नाही, का नाही, हे सांगत बाबासाहेब उभे राहिले. हे संपादन नाही तर काय आहे? आणि आम्ही सोळा ओळींच्या कवितेतला एक शब्द बदला म्हटलं तर म्हणतो, माझ्या वेदनेला हात लावू नका.

आता दुसरी बाजू, कारण तीही खरी आहे. कात्री घेऊन बसलेला प्रत्येक माणूस आपला मित्र नसतो. एका नियतकालिकाच्या संपादकानं माझ्या कवितेतलं 'हाय' खोडून 'आहे' केलं, 'म्हातारी' खोडून 'वृद्धा' केली आणि शेजारी लिहिलं, भाषा शुद्ध करून घेतली आहे. कवितेतली माझी आजी त्या दिवशी अनोळखी झाली. असलं 'शुद्ध' होणं आम्हाला नवं नाही. शुद्ध करून घेणारे कोण आणि अशुद्ध कोण, हे ठरवण्याचा धंदा फार जुना आहे.

सूतगिरणीत काम करणाऱ्याला हे पटकन कळेल. कार्डिंगला कापसातला कचरा निघतो. ते प्रत्येक कापसाला लागतंच. त्यानंतर कोंबिंग. तिथं आखूड तंतूही विंचरून बाहेर काढतात, मग सूत गुळगुळीत, बारीक निघतं. पण कोंबिंग सगळ्या सुताला करत नाहीत. दहा काउंटचं जाड सूत वेगळ्या कापडासाठी, ऐंशीचं वेगळ्या. जाड सुताचा माल विंचरत बसलात तर माल वाया जातो आणि कापडाचा जीव जातो. प्रस्थापित संपादकाची खोड हीच. त्याला प्रत्येक कापसाचं ऐंशी काउंट पाहिजे. आमची खोड उलटी. आम्ही म्हणतो, आमचं सूत जाड, म्हणून कार्डिंगही नको. मग त्यात सरकी येते, पाला येतो आणि सूत तुटतं. जाड सूत असणं हा गुन्हा नाही. जाड सुतानंही ताण सोसायला पाहिजे.

'गोलपिठा' १९७२ ला आला. त्याकडं बोट दाखवून पोरं म्हणतात, बघा, ढसाळनं कसं ओकून टाकलं. मला हे पटत नाही. एकदा मोठ्यानं वाचा. नाक्यावरचा शब्द आणि पोथीतला शब्द असे शेजारी बसवलेत, की दोघांनाही एकमेकांची लाज वाटावी. वाक्य लांबत जातं, चढत जातं आणि नेमकं तुमचा श्वास संपतो तिथं आदळतं. नुसत्या ओकारीला असला ताल नसतो. तिथल्या वस्तीचे शब्द बाहेरच्याला कळणार नाहीत म्हणून त्यानं ते विंचरले नाहीत, हा त्याचा निर्णय आहे. निर्णय घेणं यालाच लिहिणं म्हणतात.

दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं. आठवेल तसं सांगत गेलेत असं वाटतं. पण तिथं लिहिणारा दया पवार समोर आहे आणि सांगणारा दगडू मारुती पवार आहे. एकाच माणसाचे दोन केले. शिकलेला, नोकरीतला एक आणि महारवाड्यातून आलेला दुसरा. आता दोघांमधली लाज, दोघांमधली तुटलेली दोरी आपोआप दिसते, सांगावी लागत नाही. हा आराखडा आहे. बेबीताई कांबळेंच्या पुस्तकाचं नाव 'जिणं आमुचं', १९८६. 'माझं' नाही, 'आमुचं'. आत्मकथा म्हणून हातात घ्यावं तर पुढं अख्खा महारवाडा येतो, त्यातल्या बाया येतात, त्यांचं बाळंतपण, त्यांची भूक. फलटणला दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून त्यांनी लिहिलं. ज्यांना वेळ नाही त्यांना आराखडा परवडत नाही म्हणणाऱ्यांनी हे आठवावं. वेळ नाही म्हणूनच आराखडा लागतो.

आता आपल्याकडे येणाऱ्या कवितांविषयी. नावं घेत नाही. खालच्या ओळी कुणा एकाच्या नाहीत. अनेकांत परत परत येणारे शब्द जमवून मीच हा नमुना जुळवलाय:

हजारो वर्षांच्या अंधाराला चिरत
आम्ही मशाली घेऊन निघालो आहोत
आमच्या वेदनेचा ज्वालामुखी
तुमची व्यवस्था जाळून टाकील

यात खोटं काहीच नाही. पण हे कोण बोलतंय? कुठला अंधार? मशाल कुणाच्या हातात, तेल कुठनं आणलं? निवडणुकीचा कुठलाही उमेदवार या चार ओळी स्टेजवर म्हणू शकतो आणि ज्याची व्यवस्था जाळायची तोच पहिल्या रांगेत टाळ्या वाजवू शकतो. जी ओळ कुणाच्याही तोंडात बसते ती आपली नसते. मशाल, सूर्य, एल्गार, ज्वालामुखी हे शब्द एके काळी कुणीतरी कमावले होते. आपण त्यांचे वारस म्हणून व्याज खातोय.

कवीला विचारावं, बाबा, तुझ्या गावात अंधार म्हणजे काय? तो सांगेल. ते लिही म्हणावं. मग असं काही येईल:

खांब चावडीपर्यंत आले
पुढं आमची वस्ती, म्हणून वायर संपली
पोरगं पुस्तक घेऊन चावडीच्या खांबाखाली बसतं
जाणारा-येणारा विचारतो, कुणाचा रे तू?
हीच का ती लोकशाही!

आता अंधाराला पत्ता मिळाला. अजून एक काम बाकी आहे. शेवटची ओळ काढा. 'कुणाचा रे तू' मध्ये जात, गाव, लोकशाही सगळं येऊन गेलंय. पाचवी ओळ वाचणाऱ्याच्या अकलेवर अविश्वास दाखवते. खोडलं म्हणून विद्रोह कमी झाला का? वाढला.

आईवरच्या कवितांचंही तेच. या कवितांत आई नुसती रडते, राबते आणि मरते. तिची शिवी कुठाय? तिचा हिशेब कुठाय? मुकादमाला गप करणारी तिची जीभ कुठं गेली? कविता आईलाच वाचून दाखवा. ती म्हणाली, ही कोण बाई? तर खर्डा परत काढा. यापरता समीक्षक नाही.

आपल्या जलशांनी हेच केलं. गाणं लोकांत म्हणायचं. कुठं लोक धुरपद उचलतात, कुठं बिडी पेटवतात, ते बघायचं. बिडी पेटली ती कडवी पुढच्या गावी बदलायची. खाडाखोड आपल्याला कुणी परक्यानं शिकवायला नको, ती आपल्या ढोलकीतच आहे.

कवितेपुरतं हे असतं तरी मी एवढं लिहिलं नसतं. वस्तीत काही घडलं की अर्ज कोण लिहितं? तुम्हीच. अॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा. जातीवरून अपमान केल्याच्या गुन्ह्यात तो लोकांच्या नजरेसमोर झाला हे दाखवावं लागतं. कोण होतं, कुठं, किती वाजता, नेमका कुठला शब्द वापरला, ऐकणारे कोण. तिथं 'मनुवादी प्रवृत्तीच्या नराधमांनी अमानुष अत्याचार केला' असं लिहून अर्ज भरला आणि शब्द, जागा, साक्षीदार राहून गेले, तर आपल्या भाषणबाजीचा फायदा कुणाला? कवितेत नेमकं लिहायची सवय नसलेला हात अर्जातही नेमकं लिहीत नाही. तिथं सरकी राहिली तर माणसाचा न्याय तुटतो.

तर करायचं काय? पाळी करून आलेल्या माणसाला झेपेल तेवढंच सांगतो.

लिहिण्याआधी एका वाक्यात सांगा, यात घडतं काय. 'शोषण' हे उत्तर नाही. 'वायर चावडीपाशी संपते' हे उत्तर आहे. हे वाक्य मशिनीपाशी उभं राहूनही जुळवता येतं, हात कामात असतात, डोकं थोडं मोकळं असतं. गद्य असेल तर कॅलेंडरच्या पानामागं प्रसंग क्रमानं मांडा. कशानं सुरू, कशानं संपवायचं, मध्ये काय गाळायचं.

पहिला खर्डा मात्र बिनधास्त लिहा. तिथं कुणाला भिऊ नका, स्वतःलाही नको. राग येऊ द्या, शिवी येऊ द्या. मग आठवडाभर तो डोळ्याआड ठेवा. परत काढाल तेव्हा मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली तिथं खूण करा. जो शब्द दुसऱ्याच्या कवितेतून आलाय त्याखाली रेघ मारा. शेवटच्या दोन ओळी झाकून बघा, कविता उभी राहते का. राहत असेल तर त्या काढा.

बोलीला हात लावताना दहादा विचार करा. 'हाय' तिथं 'हाय'च पाहिजे असेल तर कुणाच्याही बापाला बदलू देऊ नका. पण सवयीनं आलंय की गरजेनं, हे स्वतःला ठाऊक पाहिजे. बोली म्हणजे आळशीपणाला सूट नाही.

आणि एकमेकांना खरं बोला. आपल्या कविसंमेलनात प्रत्येक कविता संपली की 'क्या बात है' होतं आणि चहा येतो. हे प्रेम नाही, ही उपेक्षाच आहे, फक्त गोड. कार्यकर्ता चुकला तर बैठकीत आपण तोंडावर सांगतो. कवी चुकला तर का नाही?

पुढच्या अंकासाठी कविता पाठवाल तेव्हा दोन कागद पाठवा. एक पहिला खर्डा, दुसरा शेवटचा. दोन्हीत फरक नसेल तर कविता परत येईल, कवीचं नाव कितीही मोठं असो. फरक असेल तर त्यावर बसून बोलू, भांडू. आम्ही काही सुचवलं आणि त्यानं तुमचा मुद्दा मरतोय असं वाटलं, तर सरळ कळवा: स्वल्पविराम बदलणार नाही. पण का बदलणार नाही, तेही सोबत लिहा.

जय भीम.