गोंदण आणि मौलिकतेचा प्रश्न

एम. ए.च्या वर्गातील एक विद्यार्थिनी गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे काही कागद घेऊन आली. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून तिला हातावर गोंदवून घ्यायचे होते. कागदांवर दुकानातल्या अल्बममधून उतरवलेले नमुने होते : पक्ष्याचे पीस, कमळावर बसलेला मिटल्या डोळ्यांचा बुद्ध, अशोकचक्र, ‘जय भीम’ ही अक्षरे आणि बाबासाहेबांची इंग्रजी स्वाक्षरी. ती म्हणाली, “सर, यातले काहीच माझे एकटीचे वाटत नाही. सगळ्यांच्याच हातावर आहे. ओरिजिनल काय करू?”

साहित्याच्या शिक्षकाला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. मलाही प्रथम तसाच वाटला. परंतु मौलिकता या शब्दाशी आपले जुने भांडण आहे, हे ध्यानात आल्यावर मी ते कागद ठेवून घेतले. दलित आत्मकथने येऊ लागली तेव्हा तीच भूक, तोच गावकुसाबाहेरचा वाडा, तोच अपमान, यात नवे ते काय, असे विचारणारे समीक्षक होतेच. दुसऱ्या कोणासारखे नसणे हीच ज्यांच्या सौंदर्यशास्त्राची कसोटी, त्यांना शेकडो माणसांच्या वाट्याला आलेले एकच दुःख पुनरुक्ती वाटणार. मग तीच कसोटी आपल्या मुलीने आपल्या हातासाठी का वापरावी?

गोंदणाविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बरेचसे हळवे असते. गरिबाचा दागिना, मेल्यावरही सोबत जाणारे लेणे, असे म्हणून लेखक मोकळा होतो. गरिबाच्या अंगावर दुसरा दागिना का नव्हता, आणि काही जातींनी सोने ल्यायले तर गाव काय करीत असे, हे तो विचारीत नाही. गोंदण आपल्याच स्त्रियांच्या अंगावर होते असे मात्र नव्हे. कुणब्यामाळ्यांच्या घरांतही ते होते. पण कुठल्याही घरात त्या मुलीला कोणी विचारले नाही. माझ्या आजीच्या हातावर तुळस, विंचू आणि ठिपक्यांची रांग होती. सात-आठ वर्षांची असताना दोघींनी धरून ठेवले आणि गोंदणारीने सुया टोचल्या, एवढेच तिला आठवे. तुळसच का, विंचूच का, हे तिलाही माहीत नव्हते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर भाषण केले. ज्या लुगड्याच्या तऱ्हेवरून आणि ज्या दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता, त्या खुणा टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. माझ्या मते आपल्या सौंदर्यविचारातील हा एक मूलभूत प्रसंग आहे. आपल्या समीक्षेने त्याकडे समाजसुधारणेचे एक कलम म्हणून पाहिले. अंगावर काय असावे हे गावाने नव्हे, तर ते अंग ज्याचे त्याने ठरवावे, असा त्याचा अर्थ होतो. दागिना उतरवता येतो, लुगडे बदलता येते. गोंदणाचे काय? १९५६ नंतर आमच्या घरातले देव विहिरीत गेले. हातावरच्या तुळशीबद्दल कोणीतरी टोकले तेव्हा आजी म्हणाली होती, “देव पाण्यात सोडले, हात कुठं सोडू?”

दुसऱ्याने आपल्या कातडीवर लिहिणे म्हणजे काय, याचे याहून उघडे उदाहरण अमृतसरचे आहे. १९९३ मध्ये तेथील पोलिसांनी सांसी समाजातील स्त्रियांच्या कपाळावर ‘जेबकतरी’ हा शब्द गोंदवला. इंग्रजी अमलात गुन्हेगार जमात ठरवला गेलेला हा समाज. दोषी पोलिसांना शिक्षा झाली ती २०१६ मध्ये. तेवीस वर्षे लागली. हे आठवले की गोंदणाच्या हळव्या कौतुकाचा मला राग येतो.

तरीही जुने गोंदण सरसकट गुलामीच्या खात्यावर मांडता येत नाही. माझी ही समजूत बदलली ती बिहारमुळे. मधुबनीजवळच्या जितवारपूर गावी ब्राह्मण आणि कायस्थ स्त्रियांची भिंतीवरची चित्रे कागदावर आली आणि मिथिला चित्रकला म्हणून नावाजली गेली. १९७०च्या दशकात तिथल्या दुसाध या दलित जातीतील स्त्रियांनी कागद हाती घेतला. त्यात चानो देवी पुढे होत्या. वरच्या जातींच्या शैलीची नक्कल करण्याऐवजी त्यांनी आपल्याच अंगावरच्या गोंदणातील वर्तुळे, रांगा, झाडे, प्राणी कागदावर मांडले आणि आपल्या राजा सल्हेसची कथा चितारली. ही शैली आज ‘गोदना’ या नावाने ओळखली जाते. त्यांतला एकही आकार त्यांनी नव्याने शोधलेला नव्हता. पण आजवर ज्यांच्यावर ते काढले जात होते, त्याच आता ते काढू लागल्या. मौलिकता म्हणायची तर मी याला म्हणेन.

या दृष्टीने मी त्या विद्यार्थिनीचे कागद पुन्हा पाहिले. पिसाबद्दल बोलण्यासारखे काही नाही. मिटल्या डोळ्यांचा बुद्ध हा दिवाणखान्यात माशांच्या पेटीशेजारी ठेवायचा बुद्ध आहे. तो कोणालाच अडचणीत टाकत नाही. अशोकचक्र चांगले, पण ते शासनाच्या प्रत्येक कागदावर आहे. स्वाक्षरीपाशी मी थांबलो. हजारो मुलांच्या हातांवर ती आहे, म्हणून ती शिळी झाली असे मी म्हणणार नाही. तलाठ्याच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या अंगठा उठवणाऱ्यांच्या नातवांनी सहीलाच चिन्ह करावे, यात मोठा अर्थ आहे. ती मूर्ती नाही, देव नाही. एका शिकलेल्या माणसाच्या हाताची हालचाल आहे. माझा आक्षेप एवढाच की सही ही ज्याची त्यानेच करायची असते. हे मी तिला सांगितले.

ती म्हणाली, “सर, नमुना सापडेल. जागा सापडत नाही.” मनगटावर केले तर खोलीमालकाला दिसणार, मुलाखतीत टेबलापलीकडच्यांना दिसणार. खांद्यावर केले तर मग करायचे कशाला? यावर मला काही बोलता आले नाही. विद्यापीठाच्या गावी मी चार वर्षे एका खोलीत भाड्याने राहिलो. मालकाने आडनावावरून माझी भलतीच जात धरली होती आणि मी ती दुरुस्त केली नाही. माझ्या अंगावर गोंदण नाही, म्हणून ते जमले. नमुन्यांची समीक्षा मी ऐटीत केली होती. जागेचा निर्णय मात्र तिने एकटीने घ्यायचा होता.

दिवाळीनंतर ती आली ती बाही दुमडूनच. मनगटाच्या वरच्या बाजूला, दिसेल असे, तिच्या आईचे पूर्ण नाव होते, आईच्याच अक्षरात. आई कधी शाळेत गेली नव्हती. बचत गटात आल्यावर सही करायला शिकली. गटाच्या रजिस्टरातून तिने ती उतरवून घेतली होती. आई म्हणे आधी घाबरली : माझी सही तुझ्या हातावर, बँकेत काही लफडे तर होणार नाही?

“आडनावासकट?” मी विचारले.

“आई तशीच करते सर.”

दुकानातला मुलगा म्हणाला होता की आडनावातला ‘ळ’ फार वाकडा आहे, सरळ करून देतो. तिने करू दिला नाही. तो रजिस्टरात आहे तसाच, ओळीच्या खाली उतरलेला आहे.