कापडाआडची पालघट

मोखाड्याहून चढून सूर्यमाळच्या माळावर आलेला माणूस उन्हातून एखाद्या वारली घरात शिरला, की पहिल्यांदा त्याला काहीच दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि गेरू-शेणाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या रेघा उजळू लागतात. लग्नाचा चौक असाच, सावकाश पाहावा.

कडेला साखळ्या आणि त्रिकोणांचे पट्टे इतके दाट, की नजर तिथेच घोटाळते. आत एकदम मोकळं, आणि त्या मोकळ्यात पालघट, लग्नाची देवी. भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी. बांबूच्या काडीचं टोक ठेचून केलेली लेखणी सुकत आली की रेघ बारीक होते. पुन्हा बुडवली की सुरुवातीला पीठ जरा जास्त उतरतं. ते कुणी पुसत नाही. मला हा चौक आवडतो तो या जाड-बारीक रेघांमुळे. रेघा काढणाऱ्या सवाशिणी दम कुठे घेत होत्या तेही कळतं. शेजारच्या छोट्या देवचौकात बिनशिराचा पाचशिऱ्या देव, धडातून फुटलेले पाच कोंब. भाताची रोपं लावणाऱ्याला त्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही.

कलेतिहासकार मायकेल बॅक्सॅन्डल यांनी 1972 मध्ये हेच पंधराव्या शतकातल्या इटलीबद्दल मांडलं. पिंपाचं माप अंदाजाने काढणारा व्यापारी चित्रातलं आकारमानही त्याच सवयीने जोखत असे. डोळा कामधंद्यात तयार होतो.

पण चौक पुरा झाला की त्यावर कापड पडतं. लग्न लावणाऱ्या धवलेरीचं गाणं चालू असतं, भगताच्या अंगात येतं, आणि मगच कापड सरतं. फ्लोरेन्सच्या सांतिस्सिमा अनुन्झियाता चर्चमधलं मेरीचं भित्तिचित्रही असंच पडद्याआड असे, खास प्रसंगीच उघडत. चित्रकाराला मेरीचा चेहरा जमेना, तो झोपला असता देवदूताने पुरा केला, ही तिथली आख्यायिका. सूर्यमाळच्या आजीला ती ऐकवली तर नवल वाटणार नाही. बायकांनी रेघा काढल्या, तरी पालघट येते ती भगताच्या हाकेला.

सत्तरच्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हातून ही रेघ कागदावर आली, जगभर गेली. त्यांच्या कागदांवरची गर्दी मी तासन्‌तास पाहू शकतो. ते कागद मात्र पहिल्यापासून उघडेच. सूर्यमाळच्या घरात लग्न उरकल्यावर चौकावर चुलीचा धूर बसत जातो, आणि पुढच्या सारवणात पालघट गेरूखाली जाते.