शरफनामा आणि ‘स्वराज्य’ शब्दाची कसोटी

कुर्द लोकांच्या स्वराज्याची चर्चा निघाली कीं शरफखान बिदलीसी याच्या शरफनाम्याचा दाखला दिला जातो. इ. स. १५९७ मध्यें फारसींत पुरा झालेला हा ग्रंथ कुर्द घराण्यांचा मोठा इतिहास होय. परंतु त्यावरून प्राचीन, अखंड कुर्द राज्य सिद्ध करूं पाहणारांनीं तो नीट वाचलेला दिसत नाहीं.

ग्रंथकार घराण्यांची प्रतवारी लावतो. ज्यांच्या नांवें खुतबा व शिक्का चालला तीं पहिलीं; ज्यांनीं सल्तनतीचा दावा न करितां क्वचित् खुतबा-शिक्का चालविला तीं दुसरीं; त्यांखालीं वंशपरंपरागत हाकीम. शरफखान स्वतः उस्मानी सुलतानाच्या कृपेनें बिदलीसचा धनी झालेला, म्हणजे आपल्याकडील देशमुखासारखा वतनाला जपणारा. कुर्दांत परस्पर एकोपा नाहीं, हें तो प्रारंभींच नमूद करतो. त्याचें कुर्दिस्तान हुर्मुझच्या समुद्रापासून मलात्या-मरअशपर्यंत पसरतें व लूर लोकांसही पोटांत घेतें. त्यावरून आजचा नकाशा आखणें धाडसाचें आहे.

मात्र ‘राज्य नव्हतें, सबब हक्कही नाहीं’ हा उलट निष्कर्ष आम्हांस अधिकच अमान्य आहे. आपल्या दप्तरांकडे पहावें. १७१८ चा करार फर्रुखसियर बादशहानें नाकारला; १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथानें दिल्लीहून सनदा आणल्या. त्यांतील ‘स्वराज्य’ म्हणजे शिवछत्रपतींच्या वेळचा मुलूख. पुणें, मावळ, जुन्नर त्यांत येतात, अर्थात् आमच्या आळंदीचा टापूही. त्याबद्दल शाहू महाराजांनीं दहा लक्षांची पेशकश कबूल केली होती! निव्वळ खुतबा-शिक्क्याच्या कसोटीस हें मांडलिकत्वच ठरेल. तरी शब्द टिकला, कारण कागदामागें ताबा होता.

कुर्दांस कागद मिळाला, ताबा मिळाला नाहीं. १९२० च्या सेव्हर तहाच्या ६२ ते ६४ कलमांनीं त्यांस राष्ट्रसंघाकडे स्वातंत्र्य मागण्याची वाट ठेविली होती. तो तह अंमलांत आलाच नाहीं. १९२३ च्या लोझान तहांत त्यांचें नांवही नाहीं. इराकच्या २००५ च्या राज्यघटनेनें कुर्दिस्तान प्रदेशास मान्यता दिली खरी, पण तुर्कस्थान, इराण व सीरिया येथील कुर्द तिच्या बाहेरच राहिले.

ग्रंथाचें मोल निराळें आहे. या सीमा आखल्या जाण्याच्या तीन शतकें आधीं त्या डोंगरांत कोणतें घराणें कोणत्या किल्ल्यावर नांदत होतें, याची ती जंत्री होय. सेंट पीटर्सबर्ग येथें १८६०-६२ मध्यें मूळ फारसी पाठ छापला गेला आहे. त्यावरून मराठी भाषांतर करणारानें एवढें करावें, कीं ‘हाकीम’ या शब्दासाठीं सर्रास ‘राजा’ लिहूं नये.