शिळा, वृक्ष आणि वियोग : चिमूर परिसर व लगतच्या वनप्रदेशातील शिल्प आणि काव्य

मराठी समीक्षेत शोककविता आणि निसर्गकविता हे दोन स्वतंत्र प्रकार मानण्याची प्रथा रूढ आहे. दोन्ही एकत्र आले की निसर्ग हा दुःखाचे उपमान ठरविला जातो. बालकवींच्या ‘औदुंबर’मधील वृक्षात कवीची उदासीनता शोधणारे वाचन याच वळणाचे आहे. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील शिल्प आणि काव्य यांना मात्र ही चौकट अपुरी पडते. येथे निसर्ग दुःखाची प्रतिमा नसून त्याचा वाहक असतो. पुष्कळदा गमावलेली वस्तूही तोच असतो.

चिमूर तालुक्यातील हिरापूर येथे महापाषाणीय काळातील शिलास्मारके आहेत. उभ्या शिळांवर प्रचंड आडवी शिळा टेकवून केलेली ही रचना विदर्भात शिलावर्तुळांच्या मानाने विरळच. तिच्यात मूर्ती नाही, मुखवटा नाही, नामोल्लेख नाही. शिळेची निवड आणि मांडणी हेच येथील शिल्पकर्म होय. भामरागड परिसरातील माडिया समाजातही मृताच्या स्मरणार्थ अशीच अनघड शिळा उभारली जाते. इंद्रावतीपलीकडील बस्तरच्या माडियांविषयी ग्रिगसन यांनी 1938 च्या ग्रंथात एक श्रद्धा नोंदविली आहे : अशी शिळा वाढते वा खचते, आणि त्यावरून मृतात्म्याची तुष्टी वा अतुष्टी ओळखली जाते. म्हणजे स्मारक पूर्ण होऊन थांबत नाही. ते मृताच्या वतीने जिवंत राहते. हिरापूर आणि ही प्रथा यांत दोन सहस्र वर्षांहून अधिक अंतर असल्याने त्यांत सलग परंपरा पाहणे धाडसाचे ठरेल. साम्य आहे ते वृत्तीचे. वैनगंगेकाठच्या मार्कंडा येथील शिल्पवैभव याच्या अगदी उलट टोकाला आहे. तेथील कथाच मृत्यू टळल्याची. हानी स्वीकारण्याचा प्रसंग त्या कथेत येतच नाही.

वृक्षाचेही तसेच. बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या कारागृहाच्या आवारात पिंपळाला फाशी देण्यात आले. स्मारकशिल्पाआधी तो पिंपळच स्मारक झाला. चिमूरचा 16 ऑगस्ट 1942 चा उठाव आणि तुकडोजी महाराजांची भजने यांचे नाते सर्वज्ञात आहे. त्यांच्या त्या काळातील एका प्रसिद्ध हिंदी भजनात वृक्ष व पाषाण हीच लढ्याची साधने होतात. शोकाआधी प्रतिकार येतो, हे त्याचे वेगळेपण.

विनायक तुमराम यांच्या ‘गोंडवन पेटले आहे’ (1987) या संग्रहाचे शीर्षक या दोहोंना एकत्र आणते. ‘पेटणे’ म्हणजे वणवा आणि ‘पेटणे’ म्हणजे बंडही. एकाच क्रियापदात विनाश व उत्थान सामावले आहे. 1878 च्या वन कायद्याने राखीव वनांची व्यवस्था रुजविली आणि वननिवासींचे परंपरागत हक्क सवलतींच्या पातळीवर आणले. ही पार्श्वभूमी वगळून येथील वनाला केवळ ‘प्रतिमा’ म्हणणे म्हणजे मूळ तक्रारच दाखल करून न घेणे होय. मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तो 2009 मध्ये. तोवर या संग्रहाला दोन दशके लोटली होती. अर्थात या काव्यधारेतील सर्वच रचना सारख्या कसाच्या नाहीत. काही ठिकाणी वन हे केवळ निशाण बनते. तेथे झाडाचे नाव नसते, ऋतू नसतो, आणि मग हानीही अमूर्त होते.

भुजंग मेश्राम यांच्या कवितेत हा दोष कमी आढळतो. ‘उलगुलान’ (1990) हे शीर्षक बिरसा मुंडांच्या उठावाचे, ‘अभुज माड’ हे बस्तरच्या डोंगराळ वनाचे. मराठी ओळीत ते आदिवासी बोलींतील शब्द जसेच्या तसे ठेवतात. वनाबरोबर त्याला नावे देणारी भाषाही जात असते, हे या शब्दयोजनेतून जाणवते. तळटीप देऊन अशा शब्दाचा अर्थ सांगता येतो. मराठीच्या सराईत वाचकाला तो शब्द क्षणभर अडवितो, आणि कवीला अभिप्रेत आहे ते हेच अडणे.